विसराळूपणाचं खापर हृदयाच्या गोळीवर?

सध्या नाशकात ज्येष्ठांच्या कुठल्याही ग्रुपवर दोन फॉरवर्ड आलटून पालटून फिरतायत. एकात लिहिलेलं असतं की कोलेस्टेरॉलची गोळी मेंदू पोखरते, माणूस विसराळू होतो, ताबडतोब बंद करा. दुसऱ्यात असतं की बीपीची गोळी घेणाऱ्याला अल्झायमर होत नाही, संशोधनात सिद्ध झालंय. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालणारे काका, सिडकोतल्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या आजी, भजनी मंडळं, सगळीकडे याचे दोन पक्ष पडलेत आणि दोन्हीकडचे लोक आपापला फॉरवर्ड पुरावा म्हणून दाखवतात. हे नुसतं गप्पांपुरतं राहिलं असतं तर मी लिहिलं नसतं. पण लोक खरंच गोळ्या बंद करतात, डॉक्टरला न विचारता, आणि घरच्यांना ते महिन्या-दोन महिन्यांनी कळतं. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हृदयासाठी दिलेली गोळी हृदयासाठी घ्यायची. स्मरणशक्ती जाईल या भीतीने ती सोडायची नाही आणि स्मरणशक्ती टिकेल एवढ्याच आशेने ती सुरूही करायची नाही. मेंदूचं खरोखर काही वाचवायचं असेल तर चाळीशीपासून बीपी वर्षानुवर्षं ताब्यात ठेवणं हा आज आपल्या हातातला सगळ्यात भक्कम उपाय आहे, मग ते कुठल्या कंपनीच्या कुठल्या गोळीने का होईना, आणि एवढ्या भांडणात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

प्रश्न छोटा नाहीये. २०२३ मध्ये आलेल्या देशपातळीवरच्या अंदाजानुसार भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती आणि बुद्धी हळूहळू जाण्याचा आजार, अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार. त्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, मोठ्या पाहणीत मोठ्या माणसांमधलं हाय बीपीचं प्रमाण ३५.५ टक्के निघालं. हे दोन आकडे वेगवेगळ्या बातम्यांत येतात म्हणून आपण ते शेजारी ठेवून बघत नाही, पण त्यांचं नातं जवळचं आहे. मेंदूच्या खोल भागात ज्या बारीक रक्तवाहिन्या जातात त्या बीपीचा मार सगळ्यात आधी खातात. ज्यांच्याकडे द्राक्षबाग आहे त्यांना हे लगेच कळेल, ठिबकला प्रेशर कायम जास्त राहिलं तर मेन लाईन दिसायला ठणठणीत असते आणि नुकसान आत बारीक नळ्यांना झालेलं असतं, जे आपल्याला रोपटं सुकल्यावरच कळतं. तसेच छोटे छोटे स्ट्रोक होतात, ज्यात ना तोंड वाकडं होतं ना हात लुळा पडतो, कुणाला पत्ताही लागत नाही, पण दहा-वीस वर्षांत त्यांची बेरीज होते आणि माणूस हिशोबात चुकायला लागतो, रस्ता विसरायला लागतो, चिडचिडा होतो. आणि आपण म्हणतो साठी बुद्धी नाठी, वय झालं. माझ्या मावशीच्या बाबतीत आमच्या घरात बराच काळ हेच म्हणत होते. तिचं बीपी कित्येक वर्षं वाढलेलं होतं आणि गोळी ती डोकं दुखेल तेव्हाच घ्यायची. तिच्या आजाराचं कारण नक्की तेच होतं असं मी म्हणणार नाही, एका माणसावरून असं ठरवता येतच नाही, आणि या लेखातला अर्धा वाद त्याच मुद्द्यावर आहे.

आता पहिला पक्ष, गोळीला घाबरणारा. यांना वेड्यात काढणारे बरेच आहेत, मला ते पटत नाही, कारण त्यांच्या भीतीला आधार आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांवर, म्हणजे अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन वगैरे स्टॅटिन गटावर, अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, स्वतः २०१२ च्या फेब्रुवारीत सूचना छापायला लावली की काही लोकांनी विसरणं, गोंधळणं अशा तक्रारी केल्यात. शिवाय शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही थोडं जास्त एकट्या मेंदूत असतं, मग ते कमी करणारी गोळी घेतल्यावर मेंदूचं काय, हा प्रश्न कुणालाही पडावा असाच आहे. हे सगळं मान्य. पण त्याच सूचनेत पुढे असंही होतं की या तक्रारी साधारणपणे गंभीर नव्हत्या आणि गोळी थांबवल्यावर गेल्या, ती ओळ फॉरवर्डमधून गायब होते. दुसरं म्हणजे मेंदू त्याला लागणारं कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो, रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत जात नाही, त्यामुळे रिपोर्टमधला एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, खाली आला म्हणजे मेंदू उपाशी राहिला असा अर्थ निघत नाही. आणि मुख्य म्हणजे तक्रार आली याचा अर्थ कारण सापडलं असा होत नाही. सत्तरीच्या हजार माणसांना काहीच गोळी न देता वर्षभर विचारत राहिलात, अलीकडे विसरायला होतं का, तर किती जण हो म्हणतील?

याचं उत्तर मिळवायचा एकच प्रामाणिक मार्ग आहे, चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला खरी गोळी, दुसऱ्याला दिसायला तशीच खोटी, आणि कुणाला काय मिळतंय हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. यालाच ट्रायल म्हणतात, आणि असं झालेलं आहे. ब्रिटनमधल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २०,५३६ लोक होते, निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन, साधारण पाच वर्षं. प्रॉस्पर नावाच्या अभ्यासात मुद्दाम ७० ते ८२ वयाचे ५,८०४ लोक घेतले, प्राव्हास्टॅटिन दिलं आणि त्यांची स्मरणशक्ती पुन्हा पुन्हा तपासली. दोन्हींचे निकाल २००२ मध्ये आले आणि दोन्हीत बुद्धीच्या बाबतीत दोन गटांत फरक सापडला नाही. घाबरण्यासारखा नाही, आणि हे दुसऱ्या पक्षानेही ऐकावं, आनंद मानण्यासारखाही नाही. २०२० मधला सॅमसन हा प्रयोग तर प्रत्येकाने वाचावा असा आहे. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० लोक, त्यांना वर्षभरासाठी बारा बाटल्या, चारमध्ये खरी गोळी, चारमध्ये खोटी, चार रिकाम्या, आणि रोज त्रासाला शून्य ते शंभर मार्क द्यायचे. रिकाम्या महिन्यांची सरासरी ८.०, खोट्या गोळीची १५.४, खऱ्या गोळीची १६.३. म्हणजे त्रास खरा होता, लोक नाटक करत नव्हते, पण तो होण्यासाठी गोळीत औषध असायची फारशी गरज नव्हती, गोळी घेतोय ही जाणीव पुरेशी होती. यातल्या बहुतेक तक्रारी अंगदुखीच्या वगैरे होत्या, स्मरणशक्तीच्या नव्हत्या, हे सांगायला हवं. पण एखादा भीतीदायक फॉरवर्ड वाचून दुसऱ्या दिवशी चष्मा कुठे ठेवला ते आठवेना झालं तर दोष कुणाचा, हा विचार करायला हा प्रयोग नक्की लावतो.

तरीही कुणाला मनापासून वाटत असेल की गोळी सुरू झाली आणि तेव्हापासूनच विसरायला झालं, तर त्याला झटकून टाकू नये. डॉक्टरला सांगावं, त्यांच्या देखरेखीखाली काही आठवडे थांबवून बघता येतं, दुसरी गोळी बदलून बघता येते, डोस कमी करता येतो. आणि त्याच भेटीत बी-ट्वेल्व्ह, थायरॉईड बघून घ्यावं, कारण वर्षानुवर्षं शाकाहारी असलेल्या आपल्या घरांत बी-ट्वेल्व्हची कमतरता अगदी नेहमीची आहे आणि तिने विसरायला होतं. झोपेच्या गोळ्या आहेत, ज्या कित्येक घरांत वर्षानुवर्षं चालू असतात आणि कुणी त्यांच्याकडे संशयाने बघत नाही. ऐकू कमी येणं आहे, जोडीदार गेल्यानंतरची उदासी आहे. एवढे सगळे संशयित सोडून लोक थेट हृदयाच्या गोळीवर येतात, जी बंद केल्याने अटॅकचा धोका वाढतो.

आता दुसरा पक्ष, आशावादी. यांचा पुरावा वरवर बघितला तर जोरदार दिसतो. २००० साली आलेल्या पाहण्यांमध्ये स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया तब्बल ७० टक्क्यांच्या आसपास कमी दिसला होता. सत्तर टक्के! एवढं कुठल्याच औषधाने होत नाही. मग लोकांनी अल्झायमर झालेल्यांनाच स्टॅटिन देऊन बघितलं, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन एका ट्रायलमध्ये, सिमव्हास्टॅटिन दुसऱ्या, आणि आजार पुढे सरकायचा तो सरकलाच. बीपीच्या गोळ्यांचंही तेच झालं. निलव्हाडिपिनची ५११ अल्झायमर पेशंटवर दीड वर्ष ट्रायल झाली, २०१८ मध्ये निकाल आला, उपयोग नाही. लोसार्टन, जी आपल्याकडे हजारो घरांत आहे, तीसुद्धा ब्रिटनमध्ये देऊन बघितली, २०२१ मध्ये निकाल, उपयोग नाही.

मग आधीच्या पाहण्यांमध्ये एवढा फायदा दिसला कसा? कुणी खोटं बोललं का? नाही. गोळी नियमित घेणारा माणूस कोण असतो ते बघा. गंगापूर रोडला राहतो, सकाळी चालतो, सहा महिन्यांनी रक्त तपासतो, पेन्शन आहे, सून डबीत आठवड्याच्या गोळ्या भरून ठेवते. या माणसाला डिमेन्शिया कमी होणारच होता, गोळी नसती तरी. आणि उलटंही आहे, ज्याची स्मरणशक्ती हळूहळू जायला लागलीय तो सगळ्यात आधी काय विसरतो तर गोळी घ्यायलाच. पुढे डिमेन्शिया उघड होतो, कागदावर तो गोळी न घेणाऱ्यांमध्ये मोजला जातो आणि निष्कर्ष निघतो की गोळी घेतली नाही म्हणून आजार झाला. कारण आणि परिणामाची अदलाबदल झाली तरी आकडे तक्रार करत नाहीत.

हे किती महागात पडू शकतं याचं उदाहरण बायकांच्या हार्मोनच्या गोळ्यांचं आहे. पाळी गेल्यानंतर त्या घेतल्या की हृदय आणि मेंदू दोन्ही सुरक्षित राहतात असं पाहण्यांवरून अनेक वर्षं मानलं गेलं, डॉक्टरांनी चांगल्या हेतूने लाखो बायकांना दिल्या. मग अमेरिकेत ६५ च्या पुढच्या ४,५३२ बायकांची रीतसर ट्रायल झाली, २००३ मध्ये निकाल आला, आणि हार्मोनच्या गटात डिमेन्शियाच्या ४० केसेस तर खोट्या गोळीच्या गटात २१. संरक्षण तर सोडाच, धोका दुप्पट. त्याआधी हार्मोन घेणाऱ्या बायका जास्त निरोगी दिसत होत्या कारण त्या आधीपासूनच जास्त शिकलेल्या, जास्त काळजी घेणाऱ्या होत्या. ज्यांना बीपीच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळीचं मेंदूचं टॉनिक करायची घाई झालीय त्यांनी या ४० आणि २१ कडे नीट बघावं.

आणि हृदयाच्या औषधाचा मनावर परिणाम होतो का हा प्रश्न आपल्या देशाला नवीन नाही, किंबहुना तो इथूनच सुरू झाला म्हटलं तरी चालेल. सर्पगंधा आपल्याकडे शेकडो वर्षं वापरात. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने बीपी उतरतं याचा अभ्यास छापला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं आणि ते जगभर बीपीसाठी दिलं जाऊ लागलं. थोड्याच वर्षांत डॉक्टरांना दिसलं की काही पेशंट उदास होतायत, आणि त्या निरीक्षणातून डिप्रेशनमध्ये मेंदूतल्या रसायनांचा काय संबंध आहे याचा एक मोठा सिद्धांत उभा राहिला. म्हणजे पेशंटची तक्रार ऐकून घेणं बरोबरच होतं. पण त्याच रेसरपिनवर १९७४ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या एका अंकात तीन अभ्यास आले की याने बायकांना स्तनाचा कॅन्सर होतो, हाहाकार झाला, वापर घसरला. नंतरच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. त्यातल्या एका अभ्यासात ज्या बायकांशी तुलना केली होती त्यांच्यातून हृदयाच्या पेशंट आधीच वगळल्या होत्या, म्हणजे ही गोळी घेणाऱ्या नेमक्या वगळल्या गेल्या होत्या, मग कॅन्सरच्या गटात ती गोळी जास्त दिसणार नाही तर काय! दोन्ही वेळेला शंका घेणारे हुशार आणि प्रामाणिक होते. एक शंका कामाची निघाली, एक फुकट गेली, आणि कुठली कोणती हे फक्त तुलना नीट केल्यावर कळलं.

शंका कशी घ्यावी याचं अलीकडचं उदाहरणही आहे. हार्ट फेल्युअरसाठी सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन हे औषध २०१५ पासून आलं, ते शरीरातलं नेप्रिलायसिन नावाचं एन्झाईम थांबवतं, आणि गंमत अशी की तेच एन्झाईम मेंदूतलं अमायलॉईड नावाचं प्रथिन साफ करायला मदत करतं, जे अल्झायमरमध्ये साठतं. म्हणजे हृदय वाचवताना मेंदूत कचरा साठेल की काय? शंका अगदी शास्त्रीय, कागदावर पटणारी. तेव्हा कुणी औषध बंद करा अशी आरोळी ठोकली नाही आणि कुणी शंका दाबलीही नाही, ५९२ पेशंट घेऊन तीन वर्षं त्यांची बुद्धी तपासली, २०२२ मध्ये निकाल सांगितला, फरक नाही. आपल्या ग्रुपवरच्या चर्चेला हे वळण कधी लागेल?

मग बीपी ताब्यात ठेवण्याबद्दल मी एवढं ठामपणे कशाच्या जोरावर बोलतोय, तिथेही तर डिमेन्शियाचा निकाल संशयास्पदच आहे ना, असं कुणी विचारेल आणि त्याने विचारावंच. अमेरिकेतल्या स्प्रिंट ट्रायलमध्ये ५० च्या पुढचे ९,३६१ लोक होते, एका गटाचं वरचं बीपी १४० च्या खाली ठेवायचं, दुसऱ्याचं १२० च्या खाली. २०१९ मध्ये मेंदूचा निकाल आला. डिमेन्शियाच्या केसेस कडक गटात १४९, साध्या गटात १७६. फरक आहे, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो उतरला नाही, हा योगायोगही असू शकतो असं म्हणायला जागा राहिली. ज्यांनी फॉरवर्डमध्ये सिद्ध झालंय असं लिहिलं त्यांनी हे लपवलं. पण डिमेन्शियाच्या आधीची जी पायरी असते, जेव्हा बुद्धी मंदावलेली असते पण माणूस आपलं आपलं करू शकतो, तिथे २८७ विरुद्ध ३५३, आणि हा फरक कसोटीला उतरला. शिवाय ट्रायल मधेच थांबवावी लागली होती कारण कडक गटात हृदयाचे गंभीर त्रास, त्यातही हार्ट फेल्युअर, आणि मृत्यू स्पष्टपणे कमी होत होते, त्यामुळे डिमेन्शियासारखा सावकाश येणारा आजार मोजायला पुरेसा वेळच मिळाला नाही. त्याच्याही आधी १९९८ मध्ये युरोपातल्या ट्रायलमध्ये वयस्कर लोकांचं वाढलेलं वरचं बीपी उतरवल्यावर डिमेन्शिया निम्म्याने कमी दिसला होता, पण तिथे केसेसच ११ आणि २१, एवढ्यावर घर बांधता येत नाही.

पारडं जड झालं ते चीनच्या खेड्यांमधल्या कामामुळे, आणि नाशिक जिल्ह्यातल्या माणसाने वाचायचं असेल तर हे वाचावं. ३२६ गावं, चाळिशीच्या पुढचे आणि बीपी असलेले जवळपास ३४,००० लोक. निम्म्या गावांत गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांना, जे आपल्या अर्थाने एमबीबीएससुद्धा नाहीत, त्यांना ट्रेनिंग दिलं, एक ठरलेला तक्ता दिला की बीपी एवढं असेल तर ही गोळी, नाही उतरलं तर ती वाढवा, वर मोठ्या डॉक्टरची देखरेख, गोळ्या फुकट किंवा स्वस्त, घरी मोजायचं मशीन. बाकी गावांत नेहमीसारखं. चार वर्षांनी या गावांत बीपी नेहमीच्या गावांपेक्षा बरंच खाली होतं आणि डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी. २०२५ मध्ये हा निकाल नेचर मेडिसिनमध्ये छापून आला. १५ टक्के हा काही चमत्काराचा आकडा नाही, फॉरवर्डमध्ये शोभणारा तर नाहीच, पण तो चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेतून आलाय आणि त्यात कुठल्या एका गोळीचं नाव नाही. जी गोळी मिळेल ती, फक्त आकडा खाली यायला हवा आणि खाली राहायला हवा.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप म्हाताऱ्या माणसांचा आहे. ऐंशीच्या पुढच्या, अंगाने खचलेल्या माणसाचं बीपी फार खाली नेलं तर उठल्यावर चक्कर येते, माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि एकदा अंथरुणाला खिळला की बुद्धीही झपाट्याने जाते. शिवाय पाहण्यांमध्ये असं दिसतं की उतारवयात कमी बीपी असलेल्यांमध्ये डिमेन्शिया जास्त असतो. पहिली गोष्ट शंभर टक्के खरी आहे आणि ती विसरून जो डॉक्टर सगळ्यांना १२० चाच आकडा लावतो तो चुकतोय. स्प्रिंटमध्ये डायबेटिस असलेले आणि आधी स्ट्रोक झालेले लोक घेतलेच नव्हते, आणि बीपी पाच मिनिटं शांत बसवून मशीनने मोजलं होतं, ओपीडीच्या गर्दीत जिना चढून आल्या आल्या नाही. म्हणून आजोबांचं बीपी बसून आणि उभं राहून असं दोन्ही मोजायला सांगा. पण दुसऱ्या गोष्टीत तीच अदलाबदल आहे. डिमेन्शिया उघड होण्याच्या आधी कित्येक वर्षं वजन आणि बीपी आपोआप उतरायला लागतं, म्हणजे कमी बीपी हे बऱ्याचदा आजाराचं कारण नसून आजाराची आगाऊ खूण असते. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांच्या मोठ्या अभ्यासात पन्नाशीला वरचं बीपी १३० च्या पुढे असणाऱ्यांना पुढे डिमेन्शियाचा धोका जास्त दिसला, तेच साठी-सत्तरीला मोजलं तर तो संबंध दिसेना. म्हणून वेळ महत्त्वाची. पंच्याऐंशीच्या आजोबांवरून भांडण्यात जेवढा जोर लावतोय तेवढा त्यांच्या पन्नाशीच्या मुलाचं बीपी मोजायला लावला तर?

स्टॅटिनवाल्यांचा एक मुद्दाही प्रामाणिकपणे मांडायला हवा. लॅन्सेटने नेमलेल्या तज्ज्ञांच्या कमिशनने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली, सगळी मिळून ४५ टक्के केसेसशी जोडलेली, आणि त्यात मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल नव्याने घातलं. मग स्टॅटिन तिशी-चाळिशीपासून वीस वर्षं घेतली तर मेंदूला फायदा होईल का? होऊही शकेल, पाच वर्षांच्या ट्रायलमध्ये ते दिसणार नाही. अमेरिकेत ७५ च्या पुढच्या २०,००० लोकांवर अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची ट्रायल २०२० पासून चालू आहे आणि तिचा मुख्य प्रश्नच हा आहे की डिमेन्शिया आणि अपंगत्व न येता माणूस किती जगतो. तिथे फायदा दिसला तर मी माझं मत बदलेन, उघडपणे. तोवर एलडीएल वाढलेला असेल, अटॅकचा धोका असेल तर गोळी घ्यायला हृदय हे कारण पुरेसं आहे, त्याला मेंदूची जोड द्यायची गरज कुठे आहे?

राहिला औषध कंपन्यांचा मुद्दा, की हे सगळं गोळ्या खपवायला चाललंय. औषध कंपन्यांच्या इतिहासात संशय घ्यावा असं भरपूर आहे, त्यात वाद नाही. पण अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन यांची पेटंट केव्हाच संपली, जनऔषधीत त्या अत्यंत स्वस्तात मिळतात, त्यांत कुणाचा मोठा स्वार्थ उरलेला नाही. ज्यांना खरंच नफा आहे ते स्मरणशक्तीच्या कॅप्सूल विकणारे, जे हृदयाच्या गोळीची भीती घालून आपली बाटली पुढे करतात. जिंको बिलोबा या त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या वनस्पतीची ३,०६९ वयस्कर लोकांवर ट्रायल झाली, २००८ मध्ये निकाल आला, डिमेन्शिया कमी झाला नाही. महिन्याला त्या कॅप्सूलवर जेवढे पैसे जातात तेवढ्यात बीपीच्या गोळ्या कित्येक महिने येतील.

आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की हा वाद घालणारे आपण सगळे असे आहोत ज्यांच्या घरात गोळी आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर कित्येक माणसांच्या दंडाला अजून बीपीचा पट्टा लागलेला नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यात बारा तासांची शिफ्ट करणारा चाळिशीचा कामगार, निफाडला द्राक्षाच्या हंगामात येणारी मजूर जोडपी, यांचं बीपी कुणी कधी मोजलं? लकवा झाल्यावर सिव्हिलला आणल्यावर. चीनमध्ये जे जमलं ते इथे तसंच्या तसं जमेल असं मी म्हणत नाही, तिथली गावची व्यवस्था वेगळी, पैसा वेगळा. पण आपल्याकडे आशाताई आहेत, उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, आहेत, तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी कागदावर सुरू आहे, हायपरटेन्शन नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम ज्या पहिल्या पाच राज्यांत सुरू झाला त्यात महाराष्ट्र होता. शिवाय राज्याचं आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच आहे. या जिल्ह्यातल्या काही गावांत बीपीबरोबर साध्या मराठीत, अक्षरओळख नसलेल्यालाही देता येईल अशी बुद्धीची चाचणी घेतली आणि पाच-दहा वर्षं त्याच माणसांना विचारत राहिलं, तर नाशिकच्या माणसांचं उत्तर नाशिकमधूनच मिळेल. अमेरिकेतला आणि चीनमधला आकडा उसना घेऊन किती दिवस भांडायचं?

तोवर एक गोष्ट लगेच करता येईल. एका खेड्यातल्या माणसाने मला सांगितलं होतं की गोळ्या पंधरा दिवसांच्याच मिळतात, कधी संपलेल्या असतात, पुढच्या आठवड्यात या म्हणतात, आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी आणि जीपचं भाडं जातं, म्हणून त्याने नाद सोडला. त्याला कुठलाच फॉरवर्ड आलेला नव्हता. ज्याचं बीपी ताब्यात आलंय त्याला एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्या, आणि संपायच्या आत आशाताईकरवी पाड्यावर पोचवा. जिल्हा परिषदेला हे विचारता येतं, विचारा.